ताण दिलेला मेपल

अप्पा,

तुमचं झाड पाडायचं की ठेवायचं हे ठरवायला काल महापालिकेचा माणूस येऊन गेला. अर्ज तुमच्या लाडक्या मुलाचा होता. पुण्यात बसून, मोबाइलवरून, मला एका शब्दाने न विचारता केलेला. वर्षातून दोनदा तो इथे येतो, तेव्हा त्याची नवी गाडी फाटकातून आत मावत नाही, म्हणून चाळीस वर्षांचं झाड जायला हवं. कारणाच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, ‘विदेशी जातीचा मेपल, घरास धोका.’ झाड घराकडे नाही, रस्त्याकडे झुकलेलं आहे. ते विदेशीही नाही. पण त्याने कधी मान वर करून त्याच्याकडे पाहिलेलंच नाही. न पाहता ठासून सांगायची ही सवय त्याला कुणाकडून आली, ते मी तुम्हाला सांगायला नको.

पाहणीची नोटीस आली तेव्हा मी त्याला फोन केला. "अक्का, तुला त्या झाडाचा एवढा पुळका कधीपासनं?" तो म्हणाला. "जन्मभर त्याला शिव्याच घातल्यास की." घातल्या. झाडाला नाही, झाड लावणाऱ्याला. हा फरक समजावून सांगेपर्यंत त्याने फोन ठेवला होता.

तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली. अजून कुणी जुनं माणूस भेटलं की म्हणतं, तुमचे अप्पा म्हणजे शेतीचा चालताबोलता ग्रंथ. मी मान हलवते आणि विषय बदलते. तुमचं ते खत-बियाण्यांचं दुकान मी कॉलेजातून येता-जाता रोज पाहिलेलं आहे. तो औषधांचा डोक्यात जाणारा वास, पोत्यांवर बसलेली माणसं, आणि खुर्चीत मागे रेललेले तुम्ही. चंदगडहून, गगनबावड्याहून एसटीने आलेला माणूस रोगट पान कागदात जपून गुंडाळून आणायचा. तो कागद उघडायच्या आत तुम्ही औषध सांगून मोकळे. एकदा आपल्या नेसरी गावचाच कुणी मिरचीचा मुरडलेला शेंडा घेऊन आला होता. "अप्पा, जरा बघा तरी," तो म्हणाला. "बघायचं काय त्यात?" तुम्ही म्हणालात. "झाडाला मस्ती आलीया. पाणी तोड. ताण दे." माणूस खूश होऊन गेला. मिरचीचं काय झालं ते सांगायला तो परत आला नाही, आणि तुम्हाला त्यात काही वाटलं नाही.

ताण हे तुमचं एकच औषध. पेरूला, डाळिंबाला ते लागू पडतं हे मी नाकारत नाही. बहार धरायचा तर पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, मुळ्या उघड्या करून उन्हात ठेवायच्या, मग खत-माती घालून पाणी सोडायचं, की भेदरलेलं झाड फुलांनी भरतं. बागाइतदाराच्या हातात ती कला आहे. तुम्ही ती मिरचीवर चालवलीत, गुलाबावर चालवलीत, आणि घरातही चालवलीत. मी बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलं तेव्हा पंधरा दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. अव्वाने आईच्या काळजीने विचारलं तर म्हणालात, "काही न्हाई. ताण दिलाय. येईल ताळ्यावर." सोळाव्या दिवशी आपणच बाजारातून एक भिंग आणून माझ्या ताटाशेजारी ठेवलंत. व्यापारी बी तपासतात तसलं, पितळी कडीचं. "घेतलंच हायस ते शास्त्र तर नीट बघून बोलत जा," एवढंच म्हणालात. मी भिंग उचललं आणि थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. नीट बघून बोलायचा उपदेश तुम्ही करावा, याचं मला हसू येत होतं.

मी पदवीधर झाले त्याच वर्षी खताच्या कंपनीने दुकानदारांना उत्तरेच्या सहलीला नेलं होतं. बाकीचे दुकानदार शाली आणि काठ्या घेऊन आले. तुम्ही बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एक वीतभर रोप घेऊन आलात. दोन दिवसांचा रेल्वेचा प्रवास, डबा मांडीवर. डेहराडूनच्या रोपवाटिकेतल्या माळ्याने सांगितलं होतं की हा मेपल आहे, आणि हा गरम मुलुखातही जगतो. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तिसरी तुम्ही स्वतःची जोडलीत. दुकानात तुमच्या डोक्यामागे एक कॅलेंडर होतं, कुठल्यातरी परदेशातलं, सगळं जंगल पेटल्यासारखं लाल. वर्ष संपलं तरी तुम्ही ते काढलं नव्हतंत. तुम्ही त्या चित्राकडे बोट केलंत आणि म्हणालात, "चार वर्षांत आपल्या दारात असलं होतंय बघ."

मी रोप पाहिलं. तळाची दोन पानं तीन टोकांची होती, तुमच्या चित्रातल्यासारखी, म्हणून तुम्ही हुरळला होतात. पण वर येणारं प्रत्येक पान साधं, लांबट, जांभळाच्या पानासारखं, खालून पांढरट. मी भिंग लावून पाहिलं, कॉलेजात जाऊन पुस्तकातून ताडून घेतलं, सरांना विचारलं. मग दुकानात येऊन तुम्हाला सांगितलं, की हा मेपलच आहे पण सदाहरित जातीचा. याची पानं लाल होऊन गळत नाहीत. तुमच्या चित्रातलं झाड वेगळं. दुकानात सहा-सात माणसं होती. तुम्ही त्यांच्याकडे बघून डोळा मारलात. "ऐकलं का पावणं? आमच्या बाईसाहेबांनी पुस्तकात बघितलंय. आता झाड बिचारं काय करतंय, पुस्तकात न्हाई म्हणल्यावर!" सगळे हसले. पोत्यावरचा एक जण तर तंबाखू थुंकून येऊन परत हसला. मी घरी आले आणि ठरवलं, की या झाडाविषयी तुम्हाला पुन्हा एक अक्षर सांगायचं नाही. आणि सांगितलं नाही. बारा वर्षं.

ती बारा वर्षं मी कशी पाहिली, अप्पा! दिवाळी झाली की तुम्ही झाडाचं पाणी तोडायचात. मार्गशीर्षात टिकाव घेऊन बुंध्याभोवतीची माती काढायचात आणि मुळ्या उघड्या टाकायचात. डोंगराच्या सावलीतलं, पाचोळ्याच्या ओलीतलं झाड ते. त्याच्या मुळ्या वरवरच्या असतात, त्यांना ऊन म्हणजे चटका. महिनाभरात पानांच्या कडा करपायच्या. तुम्ही करपलेलं पान घेऊन स्वयंपाकघरात यायचात आणि अव्वाच्या पोळपाटाशेजारी ठेवायचात. "सुरू झालं बघ. कडा लाल झाल्या." अव्वा म्हणायची, "लाल कुठं? भाकरी करपल्यावाणी दिसतंय." मी चहा पीत बसलेली असायची. तुम्ही माझ्याकडे बघायचात. मी चहाच प्यायची. महाशिवरात्रीला तुम्ही शेणखत घालून पाणी सोडायचात, झाड कशीबशी किडकिडीत हिरवट-तपकिरी पालवी काढायचं आणि जीव धरायचं. तेही अव्वामुळे. तुम्ही दुकानात गेलात की ती तांदळाचं धुवण आणि डाळीचं पाणी पदराआड धरून नेऊन मुळाशी ओतायची. "झाडाला काय कळतंय त्यांचं शास्त्र," असं पुटपुटायची. बारा वर्षांत त्या झाडाची उंची मोरीच्या भिंतीएवढीच झाली, आणि तुम्ही लोकांना सांगत राहिलात, की पुढच्या वर्षी बघा.

मी बघत होते आणि मनात म्हणत होते, शिका. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागले होते. दिवसाला शंभर मुलांना झाडाचं पान कसं वाचायचं ते सांगत होते, आणि घरी दारातलं झाड उपाशी मरताना पाहत होते. एकदा सांगून अपमान झाला म्हणून. तुमच्या हट्टाची मला कीव नव्हती, चीड होती. माझ्या हट्टाला मी तेव्हा स्वाभिमान म्हणायची.

मग तुम्ही अंथरुणाला खिळलात. अर्धं अंग गेलं, जीभ जड झाली. तुमची खाट पुढच्या खोलीत खिडकीपाशी टाकली, पण बाहेरच्या पत्र्याच्या झडपीमुळे खिडकीतून बुंधाच दिसायचा, वरचं काही नाही. त्या वर्षी दिवाळी झाली आणि टिकाव घ्यायला कुणी नव्हतं. मी बुंध्याभोवती मुरूम आणि पानकुजीचं खत मिसळून घातलं. ओळखीच्या शेतकऱ्याकडून उसाचं पाचट आणून त्याचा वीतभर थर दिला, बुंध्याला न टेकू देता. आठवड्यातून एकदा, सावकाश, मुळांच्या टोकापर्यंत पोचेल असं पाणी. पश्चिमेचं ऊन अडवायला जुनं लुगडं बांधलं. तुम्ही खिडकीतून बघत होतात. माझ्याकडे बघून तोंड वाकडं करत होतात, की आजाराने ते तसं झालं होतं, हे मला कळलं नाही. रोज सकाळी तुम्ही मला एकच विचारायचात. "झालं का लाल?" शब्द नीट फुटायचे नाहीत, पण प्रश्न बारा वर्षं जुना होता, मला कळायचा. मी कॉलेजला निघताना दारातूनच म्हणायची, "नाही." कधी चप्पल घालता घालता म्हणायची. कधी वळूनही बघायची नाही. होळीच्या आठ दिवस आधी तुम्ही गेलात.

त्यानंतर झाड वाढलं. अव्वा होती तोवर ती आणि मी, मग मी एकटी. या कॉलनीतल्या लोकांपासून ते वाचवणं हे त्याला वाढवण्यापेक्षा जास्त कष्टाचं काम आहे. एका शिकवणीवाल्याने बुंध्यात खिळे ठोकून पाटी लावली, ती मी उपटून त्याच्या दारात नेऊन टाकली. रस्ता करणाऱ्यांनी बुंध्याला चिकटून सिमेंटचे ठोकळे बसवले. दोन हात मोकळे सोडा म्हटलं तर म्हणाले, "बाई, झाडाला काय करायचंय जागा घेऊन?" शेवटी पहार घेऊन मी ते स्वतः काढले, सगळी गल्ली गॅलरीत उभी राहून बघत होती. समोरच्या बाईला पानं पडतात त्याचा त्रास. त्यांच्या दारातल्या प्लास्टिकच्या फुलांचा मला होतो, पण मी अर्ज करत नाही.

तर काल तो माणूस आला. चाळिशीचा असेल, हातात टेप आणि मोबाइल. चहा नको म्हणाला. "दोन कॉलम भरायचे, फोटो काढायचा, झालं. देशी का विदेशी? विदेशी असलं तर लगेच परवानगी मिळतीया बाई, तुमच्या भावानं तसंच टाकलंय."

"देशी."

"मेपल देशी कसा? क्यानडाच्या झेंड्यावर असतोय की त्यो."

"त्याच्या शंभरावर जाती आहेत. ही हिमालयाच्या पायथ्याची. डेहराडून देशात आहे ना अजून?"

तो हसला आणि वर बघायला लागला. "पान तर जांभळागत दिसतंय." मी एक पान तोडून उलटं करून दाखवलं, खालची पांढरट बाजू. मग तुमचं भिंग दिलं. त्याने ते डोळ्याला लावलं. "आयला," म्हणाला, आणि लगेच, "माफ करा हं बाई." वाळलेल्या बियांचे चार-दोन घोस अजून लटकत होते. मी एक बी काढून हवेत सोडलं. दोन पंखांचं ते, गरगरत खाली आलं. पालिकेच्या त्या माणसाने दुसरं सोडलं, मग तिसरं, मग मोबाइल पाचटावर ठेवून चौथं. टेपने त्याने बुंध्याचा घेर घेतला, खिळ्यांची जुनी भोकं बोटाने चाचपली, झाड कुठे झुकलंय ते रस्त्यापलीकडे जाऊन बघून आला. ज्याचा अर्ज होता त्याने आयुष्यात एवढं केलं नाही.

मग मोबाइलमध्ये बोटं मारता मारता त्याने सहज विचारलं, "पण बाई, मेपल म्हणल्यावर लाल होतंय का हे?"

आणि मी म्हणाले, "होतं. फाल्गुनात."

माझं मलाच ते ऐकू आलं. त्या प्रश्नाला हे उत्तर मी पहिल्यांदाच दिलं होतं.

"आख्खं?"

"वरून खालपर्यंत. आठ-दहा दिवस टिकतं, मग हिरवं."

"मग बघाय येतो की. पोरीला घेऊन येतो." त्याने रकान्यात लिहिलं, ‘देशी. निरोगी. तोडण्यास कारण दिसत नाही,’ आणि मला वाचून दाखवलं. फाटकाशी जाऊन परत वळला. "लावलं कुणी हो हे?"

"माझ्या वडिलांनी."

"जाणकार असतील."

"नव्हते," मी म्हणाले. त्याला वाटलं मी विनयाने बोलते आहे.

रात्रीच तुमच्या मुलाला कळवलं. तो चिडला, म्हणाला, वरच्या साहेबाकडे जाईन. जाऊ दे. मी पण आहे. पण तो विषय नाही. मी कागद घेऊन बसले ते तुम्हाला दुसरं सांगायला.

कोवळी पालवी लाल असणं आणि पानं लाल होऊन गळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही जात पालवीच्या वेळी लाल असते, झाड धष्टपुष्ट असेल तर. हे मी तीस वर्षं अकरावीच्या वर्गात शिकवलं, फळ्यावर दोन रकाने करून. आणि दर फाल्गुनात घरी येऊन हेच स्वतःला सांगितलं, की मी त्या दिवशी खोटं बोलले नाही, शास्त्राला धरून बोलले.

तुम्ही जायच्या दोन दिवस आधीची गोष्ट. सकाळी तुम्ही विचारलंत. एरवी मी दारातूनच उत्तर द्यायची, पण त्या दिवशी काय वाटलं कुणास ठाऊक, अंगणात गेले, स्टूल घेतलं, त्यावर चढले. वरची प्रत्येक फांदी नव्या तांब्याच्या भांड्यासारखी लाल होती. भिंग लावून पाहिलं, शिरासुद्धा लाल. एक हिवाळा पाणी मिळालं, मुळ्या झाकलेल्या राहिल्या, म्हणून. मला ते आत येऊन सांगता आलं असतं. एक फांदी तोडून तुमच्या छातीवर ठेवता आली असती. पण तुम्ही काय म्हणाला असता ते मला पाठ होतं. तोंड वाकडं असलं तरी म्हणाला असता, "बघ. बारा वर्षांचा ताण लागू पडला." ते ऐकायची माझी तयारी नव्हती. मी स्टुलावरून उतरले, हात धुतले, आत आले आणि म्हणाले, "नाही." तुम्ही डोळे मिटलेत. मी कॉलेजला गेले.

तुमच्याविषयी माझं मत बदललेलं नाही. तुम्ही अडाणी हट्टाने एक चांगलं झाड बारा वर्षं छळलंत, आणि लोकांना तेच शिकवलंत. हा कागद मी पाहणीच्या नोटिशीच्या मागे टाचून झाडाच्या फाइलमध्ये ठेवते आहे, पुढच्या वेळी कुणी अर्ज केला तर हाताशी असावा म्हणून. पण तुम्ही मला पालवी की पानगळ, असं विचारलं नव्हतंत. झालं का लाल, एवढंच विचारलं होतंत.

झालं होतं.